टिंबानंतरची तीन अक्षरं

रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात वजनकाटे दुरुस्त होतात.
तळोज्याच्या बर्फ कारखान्यातला काटा
लादीमागे पाऊण किलो खातो म्हणून
रोहिदास भोपींचे सकाळपासून चार फोन.
उपाय छोटासाच: एक प्रोग्रॅम, दोन एमबीचा,
त्यांच्या संगणकावर एकदा चालवायचा,
की शून्य पुन्हा शून्यावर.

मेलला जोडला. पाठवला.
चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत परत:
सुरक्षेच्या कारणास्तव ही फाईल स्वीकारली जात नाही.

झिप केली.
तरी परत. डबा उघडून भाजी बघणाऱ्या
गेटवरच्या वॉचमनसारखं
कुणीतरी आत हात घालून बघतं म्हणे.
पासवर्डचं कुलूप घातलं.
कुलूप बघून तर तो आणखीच बिथरला.

फरझाना पारकर सोल्डरिंग करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"टिंबानंतरची तीन अक्षरं बदल.
ई एक्स ई पूस, टी एक्स टी लिही.
तो फक्त आडनाव वाचतो."

संगणकाने विचारलं,
नाव बदलल्यास फाईल निकामी होऊ शकते. नक्की बदलायचं?
हो म्हटलं.
दातेरी चाकाचं चित्र गेलं, कोरा कागद आला.
आत तेच दोन एमबी, कानामात्रेचा फरक नाही.
आणि गेली की! बिनबोभाट.

मग भोपींना फोनवरून उलटी वाट:
"दादा, नावावर उजवं बटण दाबा.
टिंब राहू द्या हां, टिंब पुसू नका."
"टिंबाच्या पुरं काय लिवू?"
"ई. एक्स. ई."
"ई कंचा? ईश्वराचा?"
"इंग्रजी ई, दादा."
वीस मिनिटांनी त्यांचाच फोन. "आला शून्यावर!"
मागे लादी आपटल्याचा आवाज,
आणि कुणीतरी आकडा ओरडून सांगत होतं,
ग्रॅमसकट.

मी खुशीत. म्हटलं, सोपं आहे गं,
शेवटचं तेवढं बदललं की माणूस कुठूनही आत.

तिने गरम सोल्डर स्टँडवर ठेवला.
"माझं उलटं आहे," म्हणाली.
"आडनाव सगळीकडून जातं.
ऐरोलीत तीन घरं बघितली या महिन्यात.
फोनवर पारकर म्हटलं की, या या, रत्नागिरीकडच्या का तुम्ही?
सुरमई कुठून घेता, इथपर्यंत गप्पा.
मग फॉर्मवर टिंबाआधीचं वाचतात
आणि मालक अचानक गावाला जातात.
एजंट म्हणाला, नुसतं एफ लिहा ना मॅडम.
मी पूर्ण लिहिलं.
मला आत घुसायचं नव्हतं रे,
राहायचं होतं."

राळेचा धूर आमच्या दोघांमधून वर गेला.
तिने पुढचं सर्किट ओढलं.

मी ऐरोलीतच राहतो.
माझ्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट
दिवाळीपासून बंद आहे, किल्ली सेक्रेटरी टिपणिसांकडे.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
हेही नाही, की गेल्या सभेत
कुणाला घर द्यायचं आणि कुणाला नाही
यावर हात वर करायची वेळ आली तेव्हा
मी मोबाईलमध्ये मेल बघत होतो.
माझा हात खाली होता.
खालचे हात कुणी मोजले नाहीत.

रात्री टिपणिसांना लिहायला बसलो.
चार ओळी. जोडायला काही नाही,
झिप नाही, कुलूप नाही,
वाटेत अडवणारंही कुणी नाही.
दीड वाजला तरी मेल ड्राफ्टमध्येच.

तिचं नाव पूर्ण लिहिलंय.
खाली माझं
लिहायचं राहिलंय.